लिंबाजीच्या हातचं सील

लिंबाजी गेला त्याच्या आधीच्या रविवारी मी त्याच्यावर ओरडलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाविषयी लिहायला बसलं की लोक पहिल्या ओळीपासून गोड बोलायला लागतात, आणि मला ते जमायचं नाही. चिंचवडच्या आमच्या जुन्या घराच्या गोठ्यात माझी मोटरसायकल उभी असते. तिथं तो उकिडवा बसला होता. त्यानं पुढच्या चाकाच्या नळीवर अंगठ्याचं नख फिरवलं, मान हलवली आणि म्हणाला, "वसंता, आता निस्तं सील बदलून भागायचं न्हाई. नळ्याच बदलाव्या लागतील. चरे पडलेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चरे पडलेत? पडले कसे? दहा वर्षं या नळ्यांना तुझ्याशिवाय कोणाचा हात लागलाय का? तूच पाडलेस ना?" तो बसला होता तसाच बसून राहिला. मग "असंल," एवढंच म्हणाला. फडक्याला हात पुसले, आईनं दिलेला चहा घेतला आणि गेला. हत्यारांची पिशवी गोठ्यातच ठेवून गेला, पुढच्या रविवारी यायचंच होतं म्हणून. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी सकाळी कंपनीच्या गेटवर वॉचमननं मला थांबवलं आणि सांगितलं, की मेंटेनन्सचे लिंबाजी गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस! मला आधी रडू आलं नाही, राग आला. अरे, ही काय रीत झाली? भांडण अर्धं टाकून कोणी जातं का…

आम्ही दोघं एकाच वर्षी पिंपरीच्या कंपनीत लागलो. मी स्टोअरमध्ये कारकून, तो मेंटेनन्सला फिटर. मी इथलाच, तो लातूरकडचा. येताना एक पत्र्याची पेटी आणि एक घोंगडी एवढंच घेऊन आला होता. त्याची आणि माझी ओळख झाली ती एका प्रेसमुळे. आमच्याकडे पत्रा दाबायचा एक मोठा प्रेस होता, आणि तो तेल गळायचा. गळायचा म्हणजे किती, तर खाली घमेलं ठेवावं लागायचं. मोठमोठे साहेब येऊन गेले, मी स्टोअरमधून सीलवर सील देत राहिलो, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग या नव्या पोरानं येऊन त्या प्रेसच्या दांड्यावर डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवलं. उजव्या हाताच्या अंगठ्याचं एकच नख तो वाढवायचा, बाकी सगळी बोटं साफ. बोटाला जे कळत नाही ते नखाला कळतं, म्हणायचा. "हितं अडायलंय," तो म्हणाला. खरंच तिथं केसाएवढा ओरखडा होता. तो घासून काढला, सील बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घमेलं कोरडं. तेव्हापासून कंपनीत कुठंही तेल गळलं की 'लिंबाजीला बोलवा' हेच ठरलेलं. मी त्याच्या नखावरून त्याला 'नवरी' म्हणून चिडवायचो. तो चिडायचा नाही. त्याला चिडवता येत नसे, हीच त्याची सगळ्यात मोठी खोड. माझ्यासारख्या तापट माणसाला असला थंड दोस्त मिळणं ही शिक्षा असते, सांगून ठेवतो.

आता मोटरसायकलचं. आमची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली तेव्हा वडील नव्हते. जमीन गेली तसे आईनं बैलही चाकणच्या बाजारात धाडले. पाखऱ्या आणि ढवळ्या. कसायचंच काही उरलं नाही तर बैल काय शोभेला ठेवायचे? पण गोठा मात्र तिनं मोडू दिला नाही. रिकाम्या गोठ्याला ती रोज झाडू मारायची, सणावाराला शेणानं सारवायची. पुढं मी देहूरोडच्या एका निवृत्त हवालदाराकडून जुनी मोटरसायकल घेतली आणि ठेवायला जागा नाही म्हणून गोठ्यात लावली. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "चला, गोटा भरला." मला हसू आलं होतं. आमच्याकडे पोळा भादव्यातल्या अवसेला असतो. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणते, "उद्या गाडी भाईर काडायची न्हाई. पोळ्याला बैलाला जू लावत न्हाईत." मी म्हटलं, "आये, ती गाडी आहे." ती म्हणाली, "व्हय, दिसतीया मला." दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं कंपनीच्या बसनं गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर गाडी धुऊन लखलखीत, हँडलला झेंडूची माळ, दिव्याला कुंकू, नळ्यांना हळद आणि पुढ्यात पुरणपोळीचा नैवेद्य. दरवर्षी मग हेच झालं. मला त्याचं कौतुकच वाटायचं. स्टोअरमध्ये मी रंगवून सांगायचो, की आमच्या बैलाला पेट्रोल लागतं आणि तो पोळ्याला सुटी घेतो.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांना थोडं समजावतो, नाहीतर माझा राग कळायचा नाही. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना गाडीचे दोन पाय असतात. वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळकांड्यात वरखाली होते. आत स्प्रिंग आणि तेल, म्हणून खड्ड्यातून जाताना आपले मणके शाबूत राहतात. ते तेल बाहेर येऊ नये म्हणून नळकांड्याच्या तोंडाशी रबराचं कडं असतं, ते सील. त्याची कड ओठासारखी पातळ आणि नळीला घट्ट बिलगलेली. नळी स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तोवर सगळं ठीक. एक कण अडकला, एक चरा पडला, की तेल बाहेर. आणि ते ओघळत ओघळत चाकातल्या ब्रेकच्या डब्यात शिरलं, की पुढचा ब्रेक असून नसल्यासारखा. कंपनीतून गाडी निघते तेव्हा या नळ्यांवर पत्र्याचे बुरखे असतात. ते मी काढून टाकले होते. का, तर तेव्हा फॅशन होती! उघड्या नळ्या उन्हात चमकल्या की मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

पहिल्यांदा गळायला लागलं ते गाडी घेतली त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास. लिंबा रविवारी आला, गोठ्यात पोतं अंथरलं आणि कामाला बसला. त्याचं काम बघत बसावं असं होतं, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. चाक काढलं, दोन्ही पाय खाली घेतले, जुनं तेल उपडं केलं. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जुनं सील उचकटलं, कुठं ओरखडा म्हणून नाही. नवं सील तासभर तेलात बुडवून ठेवलं होतं. नळीच्या टोकाला पॉलिथिनचा तुकडा लपेटला आणि त्यावरून सील हळूच सरकवलं, टोकाच्या धारेनं ओठ फाटू नये म्हणून. ठोकायला लेथवर स्वतः कातलेली पितळेची नळी. तिच्यावर लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी सारखं टुकटुक… दोन्ही पायांत सारखंच तेल, एकाच मापानं. मग मला दम दिला: "रोज सांजच्याला नळ्या मऊ फडक्यानं पुसायच्या. चिखल वाळू द्यायचा न्हाई. आन् पॉलिशपेपर लावलास तर हात मोडीन." मी सगळं केलं. देवाशपथ सांगतो, रोज पुसत होतो. पुढच्या दसऱ्याला परत तेल!

मग दरवर्षीचं रहाटगाडगंच झालं. दसरा आला, की आपट्याच्या पानांबरोबर माझ्या पॅण्टवर तेलाचे डाग. कधी त्यानं सीलला दोष दिला आणि दुसऱ्या बनावटीचं आणलं. कधी तेल पातळ होतं म्हणून जाड घातलं. कधी पाय वाकडे झालेत का म्हणून काचेवर ठेवून फिरवून पाहिले, तर सुतासारखे सरळ. एका वर्षी त्यानं एक युक्ती काढली. कंपनीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढले होते, त्याची निगेटिव्ह त्याच्या पाकिटात होती. त्याचाच चेहरा, काळ्याचा पांढरा झालेला. ती त्यानं नळीभोवती लपेटून सीलच्या ओठाखाली सरकवली आणि फिरवून बाहेर काढली. पट्टीवर लालसर गाळ आला. त्यानं तो बोटांत चोळला, वास घेतला. "ही कुठली माती रं, वसंता?" मी म्हटलं, "चाकणच्या रस्त्याची असेल. आठवड्यातून दोनदा माल बघायला जातो मी." त्यानं पट्टी पुसून पाकिटात ठेवली. बुरखे बसव म्हणून मात्र मागं लागला. मी ऐकलं नाही, तर स्वतःच भंगारातून दोन बुरखे शोधून आणले, ठोकून सरळ केले, काळा रंग दिला, आतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, कडी चिकटवली. मी ते माळ्यावर फेकले. "म्हाताऱ्याची गाडी दिसेल माझी," म्हटलं. तो वर्षभर सांगत राहिला. आणि मग, पुढच्या पोळ्यानंतर, बुरख्यांचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, कंटाळला.

एक कबुली इथंच देतो, नाहीतर मागाहून धीर व्हायचा नाही. एका वर्षी मी चिडून गाडी गुपचूप पुण्याला एका नामांकित मिस्त्रीकडे नेली. त्यानं भरपूर फुशारकी मारून सीलं बसवली. दसऱ्याला ती गळलीच. म्हणजे दोष लिंबाच्या हातात नव्हता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण नाक कापलं जाईल म्हणून मी ब्र काढला नाही. लिंबानं पाय उघडले, सील हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "हे माझं न्हवं." बस्स. आणि मीही मूग गिळून बसलो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. लिंबाजीला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. वर्षानुवर्षं त्याच्या डोक्यात तेच. साधं गॅरेज नाही, फक्त सीलचं. मोटरसायकल, स्कूटर, जॅक, प्रेस, जे जे तेल गळेल ते आपल्याकडे यावं. "कंपनीत मशीनबी दुसऱ्याचं आन् गळतीबी दुसऱ्याची," तो म्हणायचा. "एक शटर माझं असू दे की." कासारवाडीला स्टेशनच्या अलीकडे रस्त्यालगत एक गाळा होता, आमच्या भावकीतल्या आप्पांचा. जागा अशी, की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीची नजर पडावी. लिंबानं मला शब्द टाकायला सांगितलं आणि मी टाकला. आप्पा तयार झाले. दसऱ्याला शटर उघडायचं ठरलं. रुक्मिणवहिनींनी, त्याच्या बायकोनं, नारळ आणि नवं फडकं बाजूला काढून ठेवलं होतं. पाटीवर काय लिहायचं यावर आम्ही दोघं रविवारभर भांडलो होतो. त्याला नुसतं 'तेल थांबेल' एवढंच लिहायचं होतं.

घटस्थापनेच्या दिवशी मी कमलला, माझ्या बायकोला, मागं बसवून कासारवाडीहून येत होतो. समोर रेल्वेचं फाटक पडायला लागलं. मी पुढचा ब्रेक दाबला… आणि लागलाच नाही. मागच्या ब्रेकवर गाडी घसरली, आम्ही दोघं रस्त्यावर. मला खरचटलं, कमलचं मनगट मोडलं. उठून बघतो तर पुढचं चाक तेलानं माखलेलं. दुसऱ्या दिवशी आप्पा तिला बघायला घरी आले. ती प्लास्टर गळ्यात घेऊन बसलेली, आई चुलीपाशी चहा ठेवत होती, आणि आप्पांनी सहज विचारलं, "काय रं वसंता, त्यो लिंबाजी… तू म्हंतोस म्हनून गाळा देतोय, पन हात कसा हाय त्याचा?" मी म्हणालो, "हात चांगला आहे आप्पा, पण हाताला यश नाही. बघा, ही त्याच्याच हातची सीलं." आणि कमलच्या प्लास्टरकडे बोट दाखवलं. झालं. आप्पांनी चहा घेतला, गेले, आणि चार दिवसांत गाळा एका हार्डवेअरवाल्याला दिला. एका वाक्यात मी त्या माणसाचं शटर कायमचं खाली ओढलं.

त्यानंतरच्या रविवारी लिंबा आला. मला वाटलं होतं, येणार नाही, किंवा येऊन चार शिव्या देईल. मी तयारीत होतो. त्यानं पोतं अंथरलं, चाक काढलं, नवं सील तेलात सोडलं. मला त्याच्याकडे बघवेना. काम करता करता, वर न बघता तो म्हणाला, "आप्पांनी सांगितलं मला. तू खरंच बोललास की, वसंता. गळतंच." अरे, काय माणूस होता हा? भांडायचंस! माझी गचांडी धरायचीस! मी तेव्हा माफी मागितली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. मी म्हणालो, "मग आता तरी नीट बसव." आणि त्यानं नीट बसवलं. त्यानंतर कधी गॅरेजचा विषय निघाला नाही. तो शेवटपर्यंत कंपनीतल्या लोकांची गळती थांबवत राहिला.

या वर्षीचा पोळा त्याच्या जाण्यानंतर महिनाभरानं आला. कामावर जायचं मन होईना, मी रजा टाकली. आईला ते माहीत नव्हतं. मी आतल्या खोलीत पडून होतो. दुपारी गोठ्यातून खरखर असा आवाज यायला लागला. भांडी घासल्यासारखा. जाऊन बघतो तर आई गाडीपुढं बसलेली. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात विटेचा तुकडा. शेजारी विटकरीची पूड आणि राख कालवून ठेवलेली. आणि ती त्या नळ्या, माझ्या चकचकीत नळ्या, पितळेच्या तांब्यासारख्या घासत होती. मनापासून. वरखाली. पाण्याचे लाल ओघळ थेट सीलमध्ये उतरत होते.

"आये! काय करतेस!" मी जो ओरडलो, तशी ती दचकली. काथ्या हातातून पडला. माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी हात उगारलाय. सत्तरीची बाई, भेदरलेली. मला एकदम तोंड मिटावं लागलं. "न्हाई… म्हणजे, कशाला दमतेस, असं म्हणायचं होतं," कसंबसं बोललो.

"आरं, कालची खांदमळनी ऱ्हायलीया," ती म्हणाली. "बैलाचं खांदं मळायाचं असत्यात. ह्येच्यावरच समदा भार येतोय न्हवं? लिंबाजीनंच दावलं मला, भार कुटं येतोय त्यो. आदी घासून लकलकीत करायचं, मग हळद आन् तेल लावायचं."

"लिंबाला माहीत होतं? तू घासतेस ते?"

"व्हय. मागं एकदा पोळ्याला पुरनपोळी खायाला आला व्हता, तवा बघितलं त्यानं. हातातली वीट काडून घेतली माज्या. लई येळ बघत बसला. मग म्हनला, मावशी, बैलांची याद येती का? म्हनलं, येती की बाबा, न यायला काय झालं. तवा त्यानं वीट परत दिली. म्हनला, घासा, निस्तं पानी भरपूर वता." ती पुन्हा काथ्या उचलून हसली. "त्ये काळं बुरखं बसवतो म्हनला व्हता. मी म्हनलं, आरं, खांदं झाकल्यावर मी मळू कुटं? गप बसला. तुला सांगू नका म्हनला ह्यातलं. दर साली इचारायचा मातर, मावशी, पोळा झाला का? मग म्या येतो."

एवढी वर्षं! एवढी वर्षं त्याला ठाऊक होतं, की सील का गळतं. एक वाक्य बोलला असता तर गाळा त्याचा होता. 'वसंता, तुझी आई विटकरीनं नळ्या घासते' एवढं तोंडातून काढायला काय जात होतं त्याचं? मी फाटकापाशी पडल्यावर तरी बोलायचं होतंस! पण त्यानंतर तर तो बोलूच शकत नव्हता. तेव्हा बोलला असता तर आईला कळलं असतं, की सुनेचं मनगट आपल्या खांदमळणीनं मोडलं. आणि त्याआधी का नाही बोलला, हे मला आत्ताच, ती दचकली तेव्हा, कळलं होतं. मी काय केलं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं. मी तिच्यावर ओरडलो असतो, अगदी असाच. विटेचा तुकडा हिसकावून भिरकावला असता, आणि तिचा पोळा त्या दिवशी संपला असता. माझा स्वभाव त्यानं नख फिरवून ओळखला होता, आणि माझ्या त्या स्वभावापायी स्वतःच्या हाताची बदनामी करून घेतली. हा चांगुलपणा म्हणायचा? मला नाही पटत. आजही पटत नाही. गाळ्याचं शटर दिसलं की अजून मी रस्त्यातच त्याला शिव्या घालतो. माझ्यावर ओझं टाकून गेला तो. मला माफी मागायची होती आणि त्यासाठी समोर माणूस लागतो, एवढी साधी गोष्ट त्याला कळू नये?

मी माळ्यावरून ते बुरखे काढले. रंग तसाच होता, आतली नमद्याची कडी तशीच. बसवायला घेतलेही. पण अंगणातून आई बघत होती. हळदीची वाटी हातात धरून उभी होती. मी बुरखे परत माळ्यावर ठेवले.

पोळा झाल्यावर सीलं मी स्वतः बदलली, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या पिशवीतली पितळेची नळी काढली, चमच्याला चिंधी गुंडाळली, पॉलिथिन लपेटलं. जेवढं आठवत होतं तेवढं केलं. पिशवीच्या तळाशी ती निगेटिव्हही मिळाली, कडेनं झिजलेली. आठ दिवस कोरडं राहिलं. मग नवव्या दिवशी गाडीच्या उजव्या पायावर तेलाची रेघ. परवा, दसऱ्याच्या सकाळी, मी गोठ्यात बसून निगेटिव्ह सीलखाली फिरवत होतो. आई दारात आपट्याची पानं निवडत होती. आप्पा सोनं द्यायला आले, वाकून बघितलं आणि हसले. "आजून गळतंय व्हय? त्यो लिंबाजी ग्येला, पन त्याची गळती काय थांबली न्हाई बघ."

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. आई पानं निवडायची थांबून माझ्याकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, आणि हे छापून आल्यावर कोणी वाचून दाखवायचं नाही, अशी तंबी मी घरात सगळ्यांना दिलेली आहे. पण तिथं ती समोर होती.

"आप्पा," मी म्हणालो, "लिंबाच्या हातचं सील कधीच गळलं नाही. एकदासुद्धा नाही. त्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मग ह्ये कुनाच्या हातचं?"

"माझ्या," मी म्हटलं. "दरवर्षीचं माझ्याच हातचं धरा. माझ्या हाताला यश नाही." मी निगेटिव्ह बाहेर ओढली. लिंबाच्या चेहऱ्यावर लाल गाळ आला होता. तो मी मऊ फडक्यानं पुसला, त्यानं शिकवलं होतं तसा, कुठं ओरखडा म्हणून न उठवता.